पेरायचं का थांबायचं, दादा?

दादा, तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले, आणि त्यातले चार दिवस मी तुझ्यावर नुसती चिडलेली आहे. रडायचं तेवढं पहिल्या आठवड्यात रडून झालं. आठव्या दिवशी पाऊस पडला, नवव्या दिवशी परत पडला, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाय. आज जमिनीला वापसा आलाय. पायाला चिखल चिकटत नाय, माती मुठीत दाबली की ढेकूळ होतं आणि बोट लावलं की फुटतं. हे बघायला तूच शिकवलंस. पण वापसा आला म्हणजे पेरायचंच का, हे काय तू नीट सांगून गेला नाहीस.

करमाडच्या रस्त्यापासून नाल्यापर्यंत सगळ्यांच्या तिफणी सुटल्या आहेत. नव्या सडकेकडच्या दोघांनी तर ट्रॅक्टर बोलावलाय. माझा बांडा गोठ्यात पाय आपटतोय, तुझा कोसा तुझ्या दारात. एक बैल माझा, एक तुझा, अशी आपली सावड. दोन घरांची मिळून एक जोडी. ती कुठल्या दिवशी जुंपायची हे इतकी वर्षं तू ठरवायचास आणि मी भांडायचे. भांडण हे माझं काम होतं. ठरवणं माझं काम कधीच नव्हतं.

सकाळी वहिनी आली. तिनं अजून उंबरा ओलांडू नये म्हणतात बायका, तरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "वन्सं, मूठ कधी धरायची?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? तुमचं शेत, तुम्ही ठरवा."

"मला काय कळतं त्यातलं? ह्यांनी कधी विचारलं नाय मला. शांतीला विचारतो, एवढंच म्हणायचे."

ऐकलंस? शांतीला विचारतो! घरी असं सांगायचास व्हय? आणि इथं बांधावर माझं एक तरी ऐकलंस का कधी?

तू माझ्या माहेरचा. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात तुमची मेंढरं आमच्या पडीक रानात बसायची. मी परकरात होते तेव्हा तू खांद्यावर घोंगडी टाकून आमच्या विहिरीशी यायचास. आमची विहीर वेगळी, तरी यायचास आणि माझ्या आईकडून पाणी मागून प्यायचास, हे माझ्या आईनं मरेपर्यंत सांगितलं. पुढं तू इकडं घरजावई आलास, मेंढरं मोडलीस, शेती धरलीस. तीन वर्षांनी मी ह्याच गावात सून म्हणून आले. पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, धनगराचा खंडू तुझ्या माहेरचा हाय. मी डोक्यावरचा पदर सावरत तुझ्या दाराशी आले आणि तू आत तोंड करून ओरडलास, "अगं सखू, माझी बहीण आली, चहा टाक!" जात विचारायच्या आधी नातं ठरवून टाकलंस. त्या दिवसापासून वहिनीची मी वन्सं.

सोयाबीन आलं त्या वर्षीचं आठवतं? आपल्याला काय ठाऊक होतं त्याचं? कृषी खात्याचा माणूस पिशव्या देऊन गेला आणि म्हणाला, नगदी पीक आहे, लावा. तू ते दाणे शिजवून बघितलेस. एक घास खाल्लास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालास, "हे माणसाचं नाय, बैलाचं बी नाय. कंपनीवाल्यांचं असंल." मग बाजरी पेरतो तसं चार बोटं खोल पेरलं. निम्मं उगवलंच नाय. दोन बोटांच्या वर त्याला माती सोसत नाय, पोतं आपटलं तरी दाणा आतून मरतो, हे आपल्याला कळायला दोन वर्षं गेली. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून तुझ्या घरी ठेवले, किती उगवतात बघायला. चौथ्या दिवशी मोजायला गेले तर गोणपाट रिकामं. वहिनीनं उसळ केली होती! "मोड लई छान आले व्हते," म्हणाली. तू ताटावर बसून हसत होतास, आणि मी विचारलं किती दाणे उगवले, तर म्हणालास, "मी मोजून खाल्ले नाय."

चाड्यात दाणे सोडणारी मूठ माझी आणि तिफणीवर तू. माझी मूठ सैल झाली की मागं न बघता तुला कळायचं. "आवळ!" म्हणून ओरडायचास. कसं कळायचं रे? मी तुला दहा वेळा विचारलं. दाण्याचा आवाज येतो म्हणायचास. मला तर कधी आला नाय.

आणि दरसाल तेच भांडण. मी म्हणायचे, मृगात पेरू. आपली जमीन मुरमाड, पाणी धरत नाय. उशीर केला की शेंगा भरायच्या वक्ताला पाऊस निघून जातो आणि हाती चुरमुऱ्यासारखा दाणा येतो. हे काय खोटं होतं का? तू म्हणायचास, थांब. दोन सरींनी भुलू नको. वीतभर ओल गेल्याशिवाय दाणा मातीत टाकायचा नाय. मग बांधाच्या कडेला विळ्यानं उकरून ओल मोजायचास, आणि उभा राहून त्या नव्या कंपनीच्या धुराड्याकडं बघायचास. आमचे हे चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला, त्यांनी एकदा विचारलं, धुराड्यात काय बघता पाव्हणं, नोकरी लागते का? तू म्हणालास, "धूर सरळ उभा राह्यला की पाऊस जवळ. जालन्याकडं आडवा पळाला की पाऊस लांबला. तुमच्या कंपनीवाल्यांनी हे एक काम चांगलं केलं, आभाळात काठी उभी केली."

मी चिडायचे. आपले आई-बाप नक्षत्र बघून पेरायचे, त्यांचं काही अडलं नाय. तू शांतपणे म्हणायचास, "तवा मृग मृगासारखा वागायचा गं. पाऊस कमी नाय झाला, शांते. त्याची चाल बदलली. येतो, तोंड दाखवतो, पंधरा दिवस गायब. आणि आपण सुगी करायला बसलो की येऊन गंजीवर बसतो." गंजीतल्या शेंगांना कोंब फुटलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले, तरी तुला कधी 'बरोबर आहे' म्हणाले नाय. बरोबर तूही नव्हतास दरवेळी. एका वर्षी तुझ्या थांबण्यानं दोघांचंही हुकलं, आठवतंय ना? दोन महिने तोंड लपवत होतास माझ्यापासून.

आता त्या वर्षाचं बोलते. बोलायचं नाय असं दोघांनी न ठरवता ठरवलं होतं. तू तर पळून गेलास, मग मी कशाला पाळू?

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता. शहरात मोर्चे, इकडं खेड्यांत कुजबुज. आमच्या वस्तीत निळा झेंडा लागला आणि गावातल्या काहींचं डोकं फिरलं. देवळापुढं बैठक झाली. किराणा देऊ नका, कामाला लावू नका, आणि कुणाचा बैल कुणाच्या जुवाला लागतो ते बघून घेऊ. हे शेवटचं कुणासाठी होतं हे सगळ्या गावाला कळलं. अशी जोडी गावात एकच होती.

त्या वर्षी मृगात दोन सरी झाल्या. वापसा आला. आदल्या दिवशी तू म्हणाला होतास, उद्या उजाडता येतो. मी उजाडायच्या आत बियाणं ओटीत घेऊन बांधावर येऊन बसले. बांड्याला पेंड चारली. दिवस वर आला. तू आलास, दादा. पण तुझ्या शेतात आलास. कोसा होता, आणि त्याच्या जोडीला पाटलाच्या वाड्यावरचा बैल. चाड्यावर वहिनी, तिला तर मूठ धरायची सवय नाय, सगळे दाणे एकाच ठिकाणी पडत होते. तू तीन वेळा माझ्या बाजूच्या बांधापर्यंत आलास आणि तीन वेळा वळलास. एकदाही मान वर केली नाहीस. मी दुपारपर्यंत बसले. मग बियाणं घेऊन घरी गेले आणि भाकरी थापत बसले, पोरं भुकेली होती.

आमच्या ह्यांनी धावपळ केली, सुट्टी टाकली, त्यांच्या मावशीच्या गावावरून बैल आणला. त्याला बारा दिवस लागले. आणि त्या बारा दिवसांत काय झालं हे साऱ्या शिवारानं बघितलं. पाऊस गेला. वारं सुटलं. तुझं सोयाबीन दोन पानांवर आलं आणि करपलं. सगळ्यांचंच करपलं. बैल आला त्याच्या आदल्या दिवशी चांगला दणकून पाऊस झाला, आणि माझं पेरलेलं तरारून आलं. गावानं वाळीत टाकलं म्हणून माझं पीक वाचलं! हसू का रडू कळेना.

पुढं किती वर्षं हाच विनोद करत राहिलास. "मी आभाळ बघून बैल आणला नाय म्हणून तुझं सोयाबीन वाचलं, शांते. उपकार मान." मी म्हणायचे, "आभाळ बघून थांबला होतास, तर स्वतःचं का पेरलंस?" मग तू हातावर तंबाखू काढायचास, मळत राहायचास आणि खाली बघून म्हणायचास, "दिवसच तसे व्हते."

कसले दिवस, दादा? आभाळाचे का गावाचे? एवढंच मला ऐकायचं होतं. तू घाबरला होतास. तुझ्या सासऱ्याचं गाव, घरजावयाला पाठबळ कुठलं असतं? तुला बाहेर काढायला त्यांना एक संध्याकाळ लागली असती. मला हे तेव्हाही कळत होतं. मी दगड नाय. पण 'शांते, मला भ्या वाटलं' एवढं एकदा म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? मी तुला कवटाळून रडले असते. त्याऐवजी तू पावसाआड लपलास. त्या पावसाचा मला आजही राग येतो.

पण मी काही स्वच्छ नाय. हे मी कुणाला सांगितलेलं नाय, आमच्या ह्यांनासुद्धा नाय.

तुझं करपलं त्यानंतर, तो मोठा पाऊस झाला त्या दिवशी, तू आमच्या दारी आलास. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. पायताण बाहेर काढून उभा राहिलास, पावसानं निथळत. "शांते, दुबार पेरायला थोडं बी असंल का? मिळंना कुठं." माझ्या मागं, आत, गोधड्यांच्या खाली एक पोतं होतं. माझ्या पेरणीला पुरून उरणारं, उगवण बघितलेलं. मी तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "संपलं."

तू "बरं" म्हणालास आणि गेलास.

त्या वर्षी तुझ्या शेतात नुसतं तण माजलं. वहिनीनं चार महिने नव्या कंपनीच्या बांधकामावर विटा वाहिल्या. तिच्या टाळूवर चुंबळीचा डाग पडला होता, मी तिच्या डोक्याला तेल लावताना बघितला. तेल लावत राहिले. पोत्यातलं बी पुढं मी भरडून जनावरांना घातलं. पेरायला ते मला धजवेना.

आणि पुढच्या मृगात तू आलास. गाव अजून गुरगुरत होतं. भर उजेडात, गावातून, कोसा हातात धरून आमच्या वस्तीपर्यंत चालत आलास आणि म्हणालास, "चल, मूठ धर." मी धरली. तू पुढं, मी मागं. पहिल्याच ओळीला तू "आवळ!" म्हणून ओरडलास तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम दुसऱ्यांदा मूठ सैल केली.

मला वाटायचं, बोलू कधीतरी. नामांतर झालं, त्यालाही चार-पाच पावसाळे झाले. देवळापुढं बसणारे आता आमच्या ह्यांना पोराला कंपनीत चिकटवा म्हणून विनंती करतात. बोलायला काही अडचण नव्हती. फुरसत होती. मीच म्हणत राहिले, आधी त्यानं बोलावं.

आता बघ, आजची गत. सकाळी वहिनी घरी परतल्यावर मी तुझ्या घरचं बियाणं तपासलं. तीन दिवसांपूर्वी शंभर दाणे गोणपाटात घातले होते, ते उघडले. जेमतेम चाळीस उगवले. तू अंथरुणावर होतास तेव्हा पोती ओल्या जमिनीवरच राहिली, कुणाचं लक्ष नव्हतं. दुकानदार म्हणतो माल नाय, पुढच्या आठवड्यात बघू. म्हणजे राहिलं माझं एक पोतं. दोन शेतं आणि एक पोतं. निम्मं निम्मं केलं आणि उरलेल्या रानात बाजरी-तूर टाकली तर भागेल. पण एकदाच. दुबार पेरायचं झालं तर दाणा नाय, ना तुझ्या घरात, ना माझ्या.

आज पेरलं आणि पाऊस पळाला तर वहिनी परत विटा वाहणार, ह्या वयात. थांबले आणि पाऊस नीट लागून राहिला तर शेंगा पोचट. मी चार वेळा शेतात जाऊन आले. विळ्यानं उकरलं. ओल वीतभर नाय, चार बोटं कमी. धुराड्याकडं बघितलं तर धूर जालन्याकडं पळतोय, पार आडवा. मी हे असं बघतेय हे तुला दिसलं असतं तर टाळी वाजवली असतीस. चूप बैस. मला काय हौस आलीय? पेरलेल्या रानांकडं बघितलं की पाय परत पोत्याकडं वळतात. सगळे चूक आणि मी एकटी बरोबर, असं होतं का कधी?

दुपारी उठले आणि तुझ्या घरी गेले. वहिनी चुलीपुढं होती. मी बसलेही नाय. म्हटलं, "वहिनी, त्या वर्षी खंडूदादा बी मागायला आला तेव्हा माझ्या घरात पोतं होतं. मी खोटं बोलले."

वहिनीनं लाकूड आत सारलं. म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कसं?"

"त्यांनी पाह्यलं व्हतं की. गोधडीखालून कोपरा दिसत व्हता म्हणं. घरी आले, अंग पुसलं, म्हणले, 'शांती खोटं बोलली. बरं झालं गं. आता फिटलं.' आणि जेवायला बसले."

फिटलं?

एकट्यानं फिटवलंस? मला न विचारता? इतकी वर्षं तिफणीमागं मी मान खाली घालून चालतेय, ह्याच्याशी खोटं बोलले, ह्याच्या बायकोला विटा वाहायला लावल्या म्हणून झुरतेय, आणि तू जेवून मोकळा! माझं कुठं फिटलं होतं, दादा? तू मला एकदा दारात उभं करून शिव्या घातल्या असत्यास तर मी त्याच दिवशी पोतं ओढून बाहेर आणलं असतं. वेळ गेली नव्हती, अजून आठ दिवस पेरता आलं असतं. मी तिथंच वहिनीसमोर रडायला लागले, आणि ती बिचारी, जिचा नवरा गेला ती, मला पाणी देत होती.

डोळे पुसून म्हटलं, "वहिनी, आज पेरायचं नाय. थांबायचं."

"किती दिवस?"

"मला ठाऊक नाय. ओल पुरेशी जाईपर्यंत. चुकलं तर दोघींचं चुकेल."

"बरं," म्हणाली. तुझ्यासारखंच.

घरी येऊन पोतं सोडलं. निम्मं मोजून काढलं आणि टोपलीत भरलं. आपटायचं नाय म्हणून दोन खेपा केल्या. मागच्या पाणंदीनं जाता आलं असतं, गेले नाय. भर दुपारी, गावातून, टोपली डोक्यावर घेऊन देवळापुढून तुझ्या घरी गेले. पारावर चार-पाच जण बसलेले. दुसऱ्या खेपेला त्यातल्या एकानं विचारलं, "काय शांताबाई, सगळं शिवार पेरतंय, तुम्ही बियाणं नुसतं फिरवताय व्हय? पेरत का नाय?"

तोंडावर आलं होतं, धूर आडवा पळतोय म्हणून. ओल कमी आहे म्हणून. दोन्ही खरंच होतं.

मी थांबले. टोपली सावरली आणि म्हटलं, "भ्या वाटतंय."

दोनच शब्द. लई जड गेले, दादा.